मागे ट्रेलर लावायचा, तर ट्रक कोणता?

आपल्याकडे पिकअप म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती भाजीच्या क्रेटांनी भरलेली, पहाटे मार्केट यार्डाच्या दारात रांगेत उभी असलेली बोलेरो. तिचं काम माल पाठीवर वाहण्याचं. ओढण्याचं काम आपण ट्रॅक्टरला दिलं आहे. ऊसहंगामात दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्रात कुठल्याही रस्त्यावर दिसतात. अमेरिकेत कामाची अशी वाटणी नाही. तिथला पिकअप ट्रक आठवडाभर मालकाला कामावर नेतो, शनिवारी लाकूडसामान वाहतो आणि सुट्टी लागली की मागे तीन-साडेतीन टनांचं फिरतं घर लावून रॉकी पर्वत चढतो. बोट, घोडे, गुरं, गवताचे भारे, छोटं खोदाईयंत्र असं सगळं त्याच्या मागे जोडलं जातं. अशा कामाला टिकणारा ट्रक कसा निवडावा, हा तिथला रोजचा प्रश्न आहे आणि डेन्व्हर किंवा डॅलसमध्ये घर केलेल्या मराठी माणसालाही तो कधी ना कधी पडतो.

खरेदीला निघालेला माणूस सहसा दोन गोष्टी विचारतो: कंपनी कोणती आणि इंजिन केवढं. मी या प्रकरणात ते दोन्ही प्रश्न मागे ठेवणार आहे. ओढणारा ट्रक वीस वर्षं चालेल की सहाव्या वर्षी गिअरबॉक्स उतरवायला लावेल, हे कंपनीच्या बिल्ल्यापेक्षा एका हिशेबावर जास्त अवलंबून असतं. ट्रकला किती झेपतं आणि आपण त्याला किती लावणार, यांत अंतर किती राहतं, एवढाच तो हिशेब. हे अंतर खरेदीच्या दिवशी ठरून जातं. पुढे ऑइल कितीही वेळेवर बदललं तरी ते वाढत नाही.

आधी नावं समजून घेऊ. फोर्डने 1925 साली मॉडेल टी गाडीला मागे पोलादी हौदा बसवून ती 281 डॉलरला कारखान्यातूनच तयार विकायला काढली. त्यानंतर हाफ-टन, थ्री-क्वार्टर-टन आणि वन-टन अशी पिकअपची तीन घरं पडली. त्या काळी अर्ध्या टनाचा ट्रक म्हणजे खरोखरच अर्धा टन माल नेणारा ट्रक. आज फोर्ड एफ-150, शेवरलेट सिल्व्हरॅडो 1500, रॅम 1500 आणि टोयोटा टंड्रा यांना हाफ-टन म्हणतात. एफ-250 आणि 2500 आकड्याचे ट्रक थ्री-क्वार्टर. एफ-350 आणि 3500 वन-टन. वजनाशी या नावांचा संबंध आता फारसा राहिलेला नाही. आजचा हाफ-टन पाऊण टन सहज उचलतो आणि माहितीपत्रकावर विश्वास ठेवला तर पाच टन ओढतो.

तो पाच टनांचा आकडा खोटा नसतो. मात्र तो काढताना ट्रकमध्ये चालक आणि शेजारी एक प्रवासी, तेही प्रत्येकी 150 पौंडांचे म्हणजे 68 किलोंचे, एवढीच माणसं धरलेली असतात. मागच्या सीटवरची मुलं, हौद्यातला जनरेटर, पाण्याचे कॅन यांना त्या आकड्यात जागा नाही. म्हणून शोरूममध्ये गेलात की पत्रक बाजूला ठेवा आणि चालकाचं दार उघडा. दार मिटताना ज्या खांबाला टेकतं, त्या खांबावर टायरमधल्या हवेचा दाब सांगणारी पट्टी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून अमुक किलोंच्या वर वजन जाता कामा नये, असं वाक्य तिच्यावर छापलेलं असतं. याला पेलोड म्हणतात, आणि पट्टीवरचा आकडा तुमच्यासमोर उभ्या असलेल्या त्या एकाच ट्रकचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या ट्रकला काचेचं छत, मोठी चाकं, विजेवर सरकणाऱ्या गुबगुबीत सीटा असतील, तर त्या सगळ्याचं वजन त्याच्या पेलोडमधून आधीच वजा झालेलं असतं. सगळ्यात महागडा ट्रक सगळ्यात कमी उचलतो, असं बरेचदा घडतं ते यामुळे.

आता हिशेब मांडून बघू. चार माणसांचं कुटुंब, 3,200 किलोंचा कॅम्पर ट्रेलर, 700 किलो पेलोडचा हाफ-टन. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. त्यातलं 10 ते 15 टक्के पुढच्या दांड्यातून ट्रकच्या मागे जोडणीसाठी बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर येतं, आणि ते पेलोडमध्येच मोजायचं असतं. 13 टक्के धरले तर 416 किलो. चार माणसांचे 300. जोडणीचा लोखंडी सरंजाम 45. बेरीज झाली 761 किलो. हौद्यात एकही वस्तू न ठेवता ट्रक 61 किलोंनी जास्त भरला, आणि ओढण्याच्या क्षमतेतले तर अजून अठराशे किलो शिल्लक आहेत! विक्रेता तोच अठराशेचा आकडा दाखवून निर्धास्त राहायला सांगतो. त्याचं ऐकू नका. हाफ-टन ट्रकच्या बाबतीत ओढण्याची क्षमता संपायच्या कितीतरी आधी पेलोड संपतो, आणि मागचे पाटे, बेअरिंग, टायर, ब्रेक यांचं आयुष्य पेलोडशी बांधलेलं आहे.

दांड्यावरचा भार कमी केला तर सुटका होईल, असं कुणालाही वाटेल. बैलगाडी भरणारा माणूस ही चूक करणार नाही. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे फार आलं की बैलांच्या मानेवर बसतं. ट्रेलरचंही तसंच असतं. दांड्यावर 10 टक्क्यांहून कमी भार राहिला की ट्रेलर वेगात डावीउजवीकडे झोके घ्यायला लागतो. शेजारून मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला, की झोके वाढत जातात आणि शेवटी मागचा ट्रेलरच पुढच्या ट्रकला फिरवतो. त्यामुळे सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला रचून आकडे जुळवणं धोक्याचं आहे.

दुसरी अडचण तरफेची आहे. गोळा मागच्या चाकांच्या बराच मागे, दीड-एक मीटरवर असतो. तिथे 416 किलो टेकले की मागच्या अ‍ॅक्सलवर त्याहून जास्त, सुमारे 600 किलो येतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून 180 किलोंच्या आसपास उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटतं, ब्रेक नीट धरत नाहीत, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. यावर उपाय म्हणून स्प्रिंगच्या सळ्या असलेली जोडणी मिळते. या सळ्या ट्रक आणि ट्रेलर यांच्यामधल्या सांध्याला ताण देतात आणि उचललेलं वजन काही प्रमाणात पुन्हा पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देतात. जोडणी चांगली आहे, जड ट्रेलरला ती लावावीच. पण तिच्यामुळे ट्रकची क्षमता वाढते हा समज चुकीचा आहे. दारावरचा आकडा होता तोच राहतो.

जड ट्रेलर ओढणारे लोक म्हणून गोळाच मागून काढतात आणि हौद्याच्या मधोमध, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसवतात. शेतकऱ्यांचा गूझनेक ट्रेलर आणि कॅम्परवाल्यांचा फिफ्थ-व्हील हे दोन्ही असेच जोडलेले असतात. तरफ नाहीशी होते, झोके जवळजवळ बंद होतात. मात्र इथे ट्रकवर येणारा भार 15 ते 25 टक्के असतो. पाच टनांच्या फिफ्थ-व्हीलचा एक टन हौद्यात बसला की हाफ-टनचा विषय तिथेच मिटतो.

मग थ्री-क्वार्टर घ्यायचा का? इथे एक खाच आहे, आणि ती पुष्कळांना ट्रक घरी आणल्यावर कळते. थ्री-क्वार्टर ट्रकचं भरल्यानंतरचं एकूण वजन बऱ्याचदा कागदोपत्री 10,000 पौंडांच्या म्हणजे 4,536 किलोंच्या आत ठेवलेलं असतं, कारण त्यापुढे वाहनाचा वर्ग बदलतो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा शेकडो पौंडांनी जड. एकूण मर्यादा तीच आणि ट्रक जड, म्हणजे पेलोड कमी. चार दारांचा, फोर-व्हील-ड्राइव्ह, डिझेलवाला थ्री-क्वार्टर कधीकधी चांगल्या हाफ-टनपेक्षा थोडाच जास्त उचलतो. त्याच कंपनीचा मागे एकेरी चाकांचा वन-टन दिसायला अगदी तसाच असतो, किमतीत फरक थोडा असतो आणि पेलोड मात्र भरघोस मिळतो. फिफ्थ-व्हील ओढायचा असेल तर थ्री-क्वार्टर डिझेलपेक्षा वन-टन घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाफ-टन आणि त्यावरचे ट्रक यांतला खरा फरक पाहायला मागच्या चाकाजवळ खाली बसावं लागतं. हाफ-टनच्या चाकाला पाच किंवा सहा नट असतात आणि मध्यभागी सपाट झाकण. थ्री-क्वार्टर आणि वन-टनच्या चाकाला आठ नट असतात आणि मधून वाटीएवढा जाडजूड हब बाहेर आलेला असतो. त्या हबच्या तोंडावर बोल्टांचं आणखी एक लहान कडं दिसतं. ते बोल्ट काढले की अ‍ॅक्सलची शाफ्ट लांब सळईसारखी बाहेर ओढता येते, आणि तरीही ट्रक आपल्या चाकांवर उभाच राहतो. कारण तिथे ट्रकचं वजन हबमधल्या दोन बेअरिंगांमार्फत अ‍ॅक्सलच्या नळीवर टेकलेलं असतं, शाफ्टला फक्त चाक फिरवायचं काम असतं. हाफ-टनमध्ये तीच शाफ्ट चाकही फिरवते आणि वजनही पेलते. ती मोडली किंवा तिचं बेअरिंग गेलं तर चाकाचाच भरवसा राहत नाही. वर्षातून चार-सहा वेळा बोट नेणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. दर आठवड्याला गुरं किंवा खोदाईयंत्र नेणाऱ्याने मात्र आठ नटांखालचं काही घेऊ नये.

अ‍ॅक्सलच्या पोटातल्या दातांचं प्रमाणही इथेच विचारून घ्यावं. 3.21, 3.55, 3.73, 4.10 असे आकडे असतात. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त आणि मोकळ्या रस्त्यावर इंधन थोडं जास्त. माहितीपत्रकातली सर्वोच्च क्षमता बहुतेक वेळा मोठ्या आकड्याच्या ट्रकची असते, आणि दारात उभा असलेला ट्रक लहान आकड्याचा निघतो.

ओढणाऱ्या ट्रकचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णता आहे. एके काळी प्रत्येक कंपनी आपली ओढण्याची क्षमता आपल्या मनाने जाहीर करायची. 2008 साली अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने, एसएईने, जे2807 या नावाने एक सामाईक मोजमाप ठरवलं. टोयोटाने ते 2011 च्या मॉडेलांपासून लावलं; डेट्रॉइटच्या कंपन्या 2015 च्या सुमारास आल्या. या मोजमापातली चढाईची परीक्षा ऍरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या घाटावर बेतलेली आहे. कोलोरॅडो नदीच्या काठापासून युनियन पासपर्यंत 11.4 मैल, म्हणजे अठरा किलोमीटरांची सलग चढण. हवेचं तापमान किमान 100 फॅरेनहाइट, आपल्या भाषेत 38 अंश. एसी पूर्ण चालू. मागे जाहीर केलेल्या क्षमतेएवढा ट्रेलर. अशा स्थितीत एकेरी चाकांच्या ट्रकचा वेग ताशी 40 मैलांच्या खाली येता कामा नये, दुहेरी चाकांच्या ट्रकचा 35 च्या खाली. इंजिन तापून धोक्याचा दिवा लागला तरी नापास. याशिवाय 12 टक्के चढावर उभ्या ट्रकने पाच मिनिटांत पाच वेळा सुटून दाखवायचं, पुढेही आणि रिव्हर्समध्येही. या परीक्षेत उतरलेला आकडा मी प्रामाणिक मानतो. फक्त ती एका दिवसाची परीक्षा आहे. पंधरा वर्षं रोज त्या आकड्याला टेकून चालवल्यावर काय होईल, ते ती सांगत नाही.

तापतं काय? इंजिनाच्या आधी ऑटोमॅटिक ट्रान्समिशन. त्यातला टॉर्क कन्व्हर्टर तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे देतो, आणि चढावर कमी वेगात जड ओझं असलं की तेल नुसतं घुसळलं जाऊन तापत राहतं. तेल साधारण 80 ते 95 अंशांच्या आसपास असावं. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा मेकॅनिक लोकांचा जुना ठोकताळा आहे. तेल जळकट झालं की आतल्या क्लचच्या चकत्या घसरतात, घसरल्या की आणखी तापतात, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत ट्रान्समिशन बदलण्याचं बिल येतं. म्हणून कारखान्यातून टोइंग पॅकेज घेतलेला ट्रकच बघावा. त्यात तेलासाठी मोठा कूलर, मोठा रेडिएटर आणि ट्रेलरच्या ब्रेकची वायरिंग आलेली असते. नुसता मागे गोळा बसवला म्हणून ट्रक ओढायला तयार होत नाही. ट्रान्समिशनच्या तेलाचं तापमान डॅशबोर्डवर दिसतं की नाही, हेही बघा. ज्या ट्रकला तो काटा आहे त्याचा मालक चढावर वेळेत वेग कमी करतो.

आता इंजिन. इथे इतिहासात डोकावल्याशिवाय टिकाऊपणाचा अर्थ कळत नाही. 1989 साली डॉजने आपल्या मागे पडलेल्या पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरांचं टर्बो डिझेल बसवलं. ताकद 160 अश्वशक्ती, टॉर्क 400 पौंड-फूट. कमिन्सच्या या बी-सीरिजची घडण शेतीची आणि बांधकामाची यंत्रं डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, एका रांगेत सहा सिलिंडर, एकच हेड, आणि कॅमशाफ्ट फिरवायला चेन किंवा पट्टा न वापरता थेट दातेरी चाकं. या इंजिनाची भावंडं आपल्या ओळखीची आहेत. कमिन्स 1962 साली किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात आली. पुढे टाटा कमिन्स निघाली आणि हीच 5.9 लिटरची मालिका टाटांच्या ट्रकमध्ये बसली. फलटणलाही टाटा कमिन्सचा कारखाना आहे. घाट चढणाऱ्या टाटा ट्रकचं इंजिन आणि टेक्सासमधल्या एखाद्या रँचवरच्या जुन्या डॉजचं इंजिन एकाच कुळातलं असू शकतं.

या इंजिनाने पाच-पाच लाख मैल काढल्याची उदाहरणं अमेरिकेत जागोजाग सापडतात. तरी त्याच्यातही एक खोट होती. पुढच्या दातेरी चाकांच्या कव्हरमागे जुळणीसाठी ठोकलेली बोटाच्या पेराएवढी पोलादी खुंटी वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी सैल होऊन बाहेर येई आणि फिरत्या दातांत पडे. लाखो मैलांचं इंजिन त्या एवढ्याशा खुंटीने फुटे. ती जागच्या जागी रोखायची पत्र्याची पट्टी काही डॉलरना मिळते, आणि जुना डॉज घेणारा जाणकार सगळ्यात आधी ती बसवली आहे का ते विचारतो. शिवाय इंजिनाच्या मागचं ट्रान्समिशन त्या टॉर्कच्या तोडीचं नव्हतं. टिकाऊ इंजिनाचा ट्रक टिकाऊ असेलच असं नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

उलट बाजूचं उदाहरण फोर्डचं. 1994 ते 2003 या काळात फोर्डच्या ट्रकमध्ये नॅव्हिस्टार कंपनीचं 7.3 लिटरचं डिझेल होतं. त्याची कीर्ती आजही टिकून आहे आणि जुन्या बाजारात त्याला अजून भाव आहे. 2003 मध्ये धुराचे नियम पाळण्यासाठी त्याच कंपनीचं 6.0 लिटरचं इंजिन आलं. त्याचा ऑइल कूलर बारीक फटींचा. कुलंटमधली ओतकामाची रेती आणि गाळ त्यात अडकायचा. कूलर तुंबला की त्याच्यापुढच्या ईजीआर कूलरला, म्हणजे धूर थंड करणाऱ्या भागाला, पाणी कमी पडायचं. तो तापून फुटायचा. पाण्याची वाफ सिलिंडरमध्ये जायची. दाब वाढून हेडचे बोल्ट ताणले जायचे आणि हेड गॅस्केट उडायचं. सुरुवात तुंबलेल्या कूलरपासून आणि शेवट हेड उतरवण्यात. मागे जड ट्रेलर असला की ही साखळी लवकर पूर्ण व्हायची. फोर्ड आणि नॅव्हिस्टार यांचा वाद कोर्टात गेला, 2009 मध्ये मिटला, आणि 2011 च्या मॉडेलांपासून फोर्डने स्वतःचं 6.7 लिटरचं डिझेल आणलं. कंपनी तीच, इंजिनाचा पुरवठादार तोच, आणि दोन लागोपाठच्या इंजिनांत एवढा फरक. म्हणून फक्त कंपनीच्या नावावर निकाल देणाऱ्याचं मत मी बाजूला ठेवतो. कोणत्या वर्षाचं, कोणतं इंजिन, हे विचारायला हवं.

आज डिझेल घ्यावं का? 2007 नंतर अमेरिकेतल्या डिझेल पिकअपला काजळी अडवणारा फिल्टर आला, 2010 च्या सुमारास युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा आली. हवेसाठी ते चांगलंच झालं. पण काजळीचा फिल्टर स्वच्छ व्हायला इंजिन बराच वेळ जोरात आणि गरम चालावं लागतं. घर ते ऑफिस आठ किलोमीटर आणि वर्षातून दोनदा कॅम्पर, अशा वापरात तो तुंबत राहतो. 2011 नंतरच्या अनेक डिझेलांत बसलेला सीपी4 हा इंधनपंप बिघडला तर त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत सगळीकडे पसरतो आणि दुरुस्ती हजारो डॉलरांत जाते. जो महिन्यातून अनेकदा जड ओढतो किंवा उंचावर राहतो, त्याने डिझेल घ्यावं. बाकीच्यांना साधं मोठं पेट्रोल इंजिन पुरे. फोर्डने 2020 च्या सुपर ड्यूटी या आपल्या जड पिकअपांत 7.3 लिटरचं लोखंडी ब्लॉकचं, टर्बो नसलेलं व्ही-8 आणलं, ते याच विचाराचं. पेट्रोल जास्त पितं, पण त्याला युरिया लागत नाही आणि काजळीचा फिल्टरही नाही.

उंचीचं कारण सोपं आहे. हवा विरळ झाली की टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीनेक टक्क्यांनी घटते. कोलोरॅडोत आय-70 महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांहून उंच आहे. तिथे पोचेपर्यंत अशा इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बो ती बरीचशी भरून काढतो.

खरा प्रश्न मात्र बोगद्याच्या पलीकडे उतरताना येतो. सात टक्के उतार, मैलोन् मैल. ब्रेक दाबून उतरलं तर डिस्क लाल होतात, ब्रेक तेल उकळतं आणि पेडल खाली जातं. ताबा सुटलेल्या ट्रकांसाठी तिथे कडेला खडीच्या वाटा करून ठेवल्या आहेत. म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत (बऱ्याच राज्यांत 3,000 पौंडांपुढे ते सक्तीचेच आहेत), ट्रकमध्ये ते चालवणारा कंट्रोलर हवा, आणि डिझेल असेल तर एक्झॉस्ट ब्रेक हवा. एक्झॉस्ट ब्रेक इंजिनालाच अडवून धरतो, त्यामुळे पायाखालचे ब्रेक वळणापुरते थंड राहतात. दोन ट्रकांत निवड अडली असेल तर चांगला उतरणारा ट्रक घ्या.

जुना ट्रक घेणार असाल तर आधी गंज बघा, मग इंजिन. ओहायो, मिशिगन, न्यू यॉर्क या बर्फाच्या राज्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ चासी आतून खातं. टोयोटाचं इंजिन चांगलं म्हणून डोळे मिटून घेणाऱ्यांनी 2016 ची तडजोड आठवावी. टकोमा, टंड्रा आणि सिक्वोया यांच्या सुमारे 15 लाख गाड्यांच्या चासी गंजण्याच्या खटल्यात टोयोटाने 3.4 अब्ज डॉलरपर्यंतच्या खर्चाची तयारी दाखवली. छोटी हातोडी आणि टॉर्च घेऊन ट्रकखाली जा. जादा चाक टांगलेलं असतं त्याच्या वर, पाट्यांचे टोकांचे सांधे जिथे चासीला लागतात तिथे, आणि मागच्या गोळ्याची चौकट जिथे बोल्टने धरली आहे तिथे हलके ठोके द्या. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर किंमत किती कमी केली ते ऐकायलाही थांबू नका. नवा काळा रंग फासलेली चासी दिसली तर जास्त सावध व्हा.

मैलांच्या आकड्याला मी त्यामानाने कमी महत्त्व देतो. लुइझियानातल्या एका चालकाने 2007 ची टंड्रा 2016 पर्यंत दहा लाख मैल चालवली, मूळच्याच इंजिनावर आणि ट्रान्समिशनवर. टोयोटाने तो ट्रक परत घेऊन तपासणीसाठी सुटा केला. वर्षाला लाखाहून जास्त मैल म्हणजे बहुतेक सगळा लांबचा हमरस्ता. इंजिन क्वचितच थंड पडलं असेल, आणि सर्व्हिसिंगसाठी तो शंभराहून जास्त वेळा डीलरकडे गेला होता. त्याच नावाच्या नव्या टंड्राच्या 2022 आणि 2023 च्या सुमारे एक लाख गाड्या इंजिनात राहिलेल्या यंत्रकामाच्या चुऱ्यामुळे 2024 मध्ये परत बोलवाव्या लागल्या. 2025 मध्ये जनरल मोटर्सला 6.2 लिटरच्या व्ही-8 इंजिनांसाठी जगभरातल्या सात लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नवं इंजिन बाजारात आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं थांबणं म्हणूनच शहाणपणाचं.

जुन्या ट्रकच्या कागदांत आणखी एक गोष्ट शोधा. प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत देखभालीची दोन वेळापत्रकं असतात, साधी आणि कष्टाच्या वापराची. ट्रेलर ओढणं दुसऱ्यात मोडतं. तिथे इंजिन ऑइल, ट्रान्समिशन ऑइल आणि अ‍ॅक्सलचं ऑइल बरंच लवकर बदलायला सांगितलेलं असतं. मागे गोळा बसवलेला आहे आणि पावत्या साध्या वेळापत्रकाच्या आहेत, असा ट्रक सोडून द्यावा.

ट्रक घेतल्यावर, पहिल्या लांबच्या प्रवासाआधी, माणसं, पाणी, गॅस, कपडे सगळं भरून जवळच्या ट्रक स्टॉपवर जा. अमेरिकेत बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा वजनकाटा असतो आणि थोडक्या डॉलरांत पावती मिळते. पावतीवर पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलरचा अ‍ॅक्सल असे तीन आकडे वेगवेगळे येतात. पहिले दोन आकडे ट्रकच्या दाराजवळच्या पट्ट्यांवरच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादांशी आणि एकूण वजनाशी ताडून बघा, तिसरा ट्रेलरवरच्या पट्टीशी. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा मर्यादेच्या आत आणि थोडा खाली असेल तर निघा. वर असेल तर सामान उतरवा. उतरवूनही बसत नसेल तर ट्रेलर लहान घ्या किंवा ट्रक मोठा. जादा स्प्रिंग किंवा एअरबॅग लावून मागचा भाग वर उचलणारे पुष्कळ भेटतील, पण त्याने अ‍ॅक्सलची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही.